हळू मारलेली हाक

तीस सालच्या मार्शल लॉच्या आधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. सोलापुरात गिरणीच्या पिछाडीला कामगारांच्या चाळी होत्या, त्यातल्या एका चाळीत येडू गावडे राहायचा. मूळचा सांगोल्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली तसा बापाच्या मागनं पायी सोलापुरात आला आणि मिसरूड फुटायच्या आत गिरणीच्या मागखात्यात चिकटला. चाळीत त्याला येडू म्हणणारे थोडे. बाकीचे 'दुसरा भोंगा' म्हणायचे. पहिला भोंगा गिरणीचा, दुसरा हा. कारण हा बाबा बोलायला लागला की पलीकडच्या चाळीतली म्हातारी दचकून विचारायची, "कुनाचं भांडन लागलंय गं?" आणि भांडण कसलं डोंबलाचं! येडू बायकोकडं मीठ मागत असायचा.

आता यात त्या बिचाऱ्याचा दोष तरी काय? नाव ठेवणाऱ्यांनी एकदा मागखात्यात जाऊन उभं राहावं म्हणतो मी. शेकडो माग एकदम चाललेले, धोटे इकडून तिकडं आपटतायत, पायाखालची फरशी थरथरतीय. तिथं गळा फाडून ओरडलात तरी शेजारच्या मागवाल्याला कळणार नाही. म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. नुसतं तोंड हलवायचं. ओठांनी शब्द पुरा करायचा आणि समोरच्यानं तोंडाकडं बघून समजून घ्यायचं. तंबाखू मागायची ती अशी, जाबर म्हणजे खात्याचा मुकादम आला म्हणून सावध करायचं ते असं, आणि जाबरची पाठ फिरली की त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या त्याही अशाच. नवा माणूस पहिले काही दिवस खुळ्यासारखा बघत राहतो, मग त्यालाही येतं. येडूला तर ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीही जेवताना घास तोंडात असला की तो तसंच बोलायचा. त्याची बायको फुला आणि लेक बजी दोघींनाही ते समजायचं. बजीला तर त्याची मजा वाटायची. बाच्या ओठांकडं बघून ती बरोब्बर सांगायची, "बा कोरड्यास मागतोय."

ती फुला भाद्रपदात गेली. ताप आला तो उतरेना. आदल्या रात्री ती म्हणाली, "मला वैरागला नेऊन घाला. आईपाशी पडते चार दिस." येडूचं डोकं कामानं उठलेलं. तो खेकसला, "रजा कोन देतंय? जाबर काय माझा मेव्हना लागून गेला?" फुलानं कूस बदलली. भिंतीकडं तोंड करून निजली.

सकाळी कामावर निघताना येडू दारात थांबला. फुलाची पाठ त्याच्याकडं होती, पण ती जागी होती. कुशीतल्या बजीला तिचा हात हळूहळू थोपटत होता, ते त्याला दिसत होतं. रात्री उगाच बोललो असं त्याला वाटत होतं. पोर उठू नये म्हणून तो अगदी हळू म्हणाला, "फुले, जातो गं म्या. रजेचं इचारतो आज जाबरला." फुलानं मान वळवली नाही. थोपटणारा हात तसाच चालू राहिला. तो आणखी जरा थांबला, पुन्हा एकदा हळूच "फुले" म्हणाला. तिनं ओ दिली नाही. मग भाकरीचं फडकं उचलून तो निघाला. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास गिरणीच्या फाटकावर निरोप आला.

येडू रडला नाही. माणसं जमली, तिरडी बांधली, हा सांगितलं ते करत गेला. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मागावर जाऊन उभा राहिला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, दगड हाय मेला. कुणी म्हणालं, दुसरी करायला मोकळा झाला. लोकांचं काय जातंय बोलायला! त्याच्या आत काय झालं होतं ते त्याचं त्यालाही धड कळत नव्हतं. भाकरी तोंडात फिरायची, खारट की अळणी समजायचं नाही. बोट सुतानं कापलेलं असायचं आणि कापडावर रक्ताचा डाग दिसल्यावर त्याला कळायचं. एकच गोष्ट मात्र आत रुतून बसली होती. ती जागी होती, मी बोललो ते तिनं ऐकलं, आणि तिनं ओ दिली नाही. माझ्यावर राग धरून गेली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

बजी पाच-सहा वर्षांची. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, पण जवळही घेतलं नाही. तिच्याकडं बघितलं की फुलाचा थोपटणारा हात दिसायचा, म्हणून तो बघायचंच टाळायचा. दिवसभर पोर शेजारच्या निंगव्वाकडं असायची. निंगव्वा अक्कलकोटाकडची, लिंगायत, नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. कडक भाकऱ्या करून विकायची. पापडासारख्या पातळ, वाळवून खडखडीत केलेल्या तिच्या ज्वारीच्या भाकरीला बाजारात मागणी होती. तोंडानं फटकळ. मराठी बोलायची ती कानडी वळणानं, बाईला 'आला' आणि बुवाला 'आली' करत. पण तिनं बजीला सांभाळलं ते पोटच्या पोरीसारखं, हे चाळीतला कुणीही कबूल करील.

पौषात थंडी पडली. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरली. आम्ही सोलापूरकर तिला गड्डा म्हणतो. निंगव्वा बजीला घेऊन होम मैदानावर गड्ड्याला गेली, वारा लागला आणि पोरीला सर्दी झाली. नाक वाहायला लागलं, रात्रभर खोकली. त्याचं येडूला विशेष काही वाटलं नाही, सर्दी कुणाला होत नाही! पण एका संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा बजी दारात पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. त्यानं हाक मारली, "बजे!" त्याच्या नेहमीच्या आवाजात. समोरच्या खोलीतल्या पाळण्यातलं पोर रडत उठलं. बजी हलली नाही.

त्यानं पुन्हा हाक मारली. चिंचोके सरळ करण्यात ती गुंग. तो पुढं होऊन तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "बा, कानात कायतरी भरलंय. माझंच बोलनं मला रांजनातनं आल्यावानी वाटतंय."

येडूनं तिच्या कानात डोकावून बघितलं. मागखात्यात असे किती तरी त्यानं बघितले होते. आधी म्हणायचे कानात काहीतरी वाजतंय, मग म्हणायचे भरल्यासारखं वाटतंय, आणि मग बोलायचेच कमी होत जायचे. ते तरी म्हातारे, संसार झालेले. ही एवढीशी. आईविना पोर, त्यात बहिरी. हिला कोण हाक मारील आणि ही कशी ओ देईल? तिला उचलून तो निंगव्वाच्या दारात गेला.

"अव्वा, पोरगी बहिरी झाली."

"तुझं डोकं बहिरी झाली," निंगव्वा काटवटीतून हात न काढता म्हणाली. "सर्दी हाय. दडे बसलेत कानात. लहान पोराला बसतातच की. नाकातला शेंबूड आत कानापत्तोर जाऊन बसतंय. सुटतंय दोन-चार दिवसांत, पन आपन गप बसायचं न्हाई."

"तेल घालू का लसणाचं? आमच्याकडं घालत्यात."

"काही घालायचं न्हाई कानात! आत काय हाय तुला दिसतंय व्हय? घालतोय म्हने तेल." मग जरा नरमून म्हणाली, "पू आला, न्हाईतर ताप चढला, तर उचलायचं आन् सिव्हिलात न्यायचं. तवर मी सांगते तसं कर. माझा हात रिकामी न्हाई, तुझं तू करायचं."

आणि तिनं एकेक करून दाखवलं. जाडं मीठ तव्यावर गरम करायचं, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी कानाच्या मागं आणि खाली जबड्याच्या सांध्यावर धरायची, भोकावर नाही. धरण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. येडूनं आधी बोटानं चाचपली आणि म्हणाला, "गार हाय." निंगव्वानं ती हिसकावून आपल्या मनगटाला लावली आणि तिच्या तोंडून "अय्यो!" निघालं. सूत धरून धरून त्याच्या बोटांची टोकं इतकी घट्ट झाली होती की त्यांना चटका कळतच नव्हता. मग ती म्हणाली, "तुझ्या बोटाचं ऐकू नको. गालाला लावून बघ." तेव्हापासून तो पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावायचा, मग पोरीला.

पातेल्यातल्या गरम पाण्यात ओवा टाकून त्याचा वाफारा द्यायचा, तोही आपण जवळ बसून, पातेलं पोरीच्या हाताला लागणार नाही असा. नाक जोरात शिंकरू द्यायचं नाही, एकेक नाकपुडी हळूच. रात्री डोक्याखाली गोधडीची घडी जरा उंच. आणि कडक भाकरी चावायला द्यायची.

"भाकरी?" येडूनं विचारलं. "कानाला?"

"जबडा हलला की दडा हलतंय. मऊ भाकरी चावायला काय लागतंय? ही चावून बघ. तुझंबी सुटंल."

असं ते सुरू झालं. रोज संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन येडू तवा ठेवायचा. बजीचं डोकं मांडीवर घ्यायचा, पुरचुंडी गालाला लावायचा, मग तिच्या कानामागं धरायचा. फुला गेल्यापासून पहिल्यांदाच तिचं डोकं त्याच्या मांडीवर आलं होतं. पोर डोळे मिटून पडायची आणि हातातल्या भाकरीचा तुकडा कुडुम कुडुम चावायची. त्याला फार माया दाटून आली, असं काही झालं नाही. उगाच खोटं का सांगू? तो पुरचुंडी धरून बसायचा, गार झाली की पुन्हा मीठ तापवायचा. एवढंच. पण ते तो चुकवत नव्हता. गिरणीतून येताना कुणी चहाला थांब म्हणालं तरी थांबत नव्हता.

चार-पाच दिवसांनी निंगव्वा संध्याकाळी दारातच भेटली. "सुटला तुझ्या पोरीचा दडा," ती म्हणाली. "दुपारी भाकरी खात हुती. म्हनली, अव्वा, कानात फट् झालं. मी मागनं हळूच म्हनले, गूळ पायजे का? तशी वळली की टुनकन. गुळाला बरं ऐकू आलं."

बजी हसत उभी होती. येडूचा विश्वास बसेना. त्यानं मनात म्हटलं, आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर बजी भिंतीकडं तोंड करून बाहुलीला चिंधी गुंडाळत बसली होती. तो तिच्या मागं चार हातांवर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बजे."

ती बाहुलीत गुंग. तो पुन्हा म्हणाला, "बजे, गूळ देऊ का?" काही नाही. मान इकडची तिकडं झाली नाही. त्यानं पुढं होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती वळली. तिच्या समोर बसून, तसंच हळू, तो म्हणाला, "तुला ऐकू येतं का?"

"येतंय की," बजी म्हणाली.

येडूचं उरलंसुरलं अवसान गेलं. म्हणजे पोर ओठ वाचतीय! समोरून सगळं कळतं, मागून काहीच नाही. मागखात्यातल्या म्हाताऱ्यांचं अगदी असंच व्हायचं, समोर उभे राहून बोला, ते मान डोलावतात. निंगव्वाला काय कळतंय, ती बोलली असेल तेव्हा पोरीनं मान वळवलेली असेल. त्यानं पुन्हा तवा ठेवला. बजी म्हणाली, "बा, आता न्हाय दुखत, बरं झालंय." तो म्हणाला, "गप पड." आणि ते मात्र त्यानं अशा आवाजात म्हटलं की शेजारून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्याही. मागं उभं राहायचं, हळू हाक मारायची, पोर वळायची नाही. एकदा तर तो तिच्या इतका जवळ वाकून बोलला की त्याचा श्वास तिच्या केसांना लागला. तेव्हा ती वळली खरी, पण म्हणाली काय, "बा, गुदगुल्या करतो व्हय?" निंगव्वा कानीकपाळी ओरडून सांगायची, "पोर बरी झाली हाय, आता मिठाचं नास करू नको." तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा मीठ तापवायचा.

मग त्याच्या डोक्यात गड्ड्यातला वैदू आला. अजून न उठलेल्या यात्रेच्या बाजारात लाल फेटा बांधलेला, कानामागं लांब सळई खोचलेला एक वैदू बसायचा. सळईला कापूस गुंडाळून तो कान कोरायचा आणि आतून काढलेले खडे तळहातावर दाखवायचा. मागखात्यातला एक जण म्हणाला होता, म्हणजे ओठांनीच, "माझा बसलेला कान त्यानं एका झटक्यात मोकळा केला." येडूनं ठरवलं, सुट्टीच्या दिवशी बजीला तिकडं न्यायचं. दुखलं तर दुखलं. पोर जन्माची बहिरी राहण्यापेक्षा बरं.

सुट्टीचा दिवस उजाडला. त्यानं बजीला धुतलेलं परकर-पोलकं घातलं. कुठं जायचं ते तिनं विचारलं आणि यानं सांगितलं. झालं! पोरगी पळत सुटली ती निंगव्वाच्या पाठीमागं जाऊन लपली. गड्ड्यात त्या वैदूच्या हाताखाली रडणारं पोर तिनं बघितलं होतं.

निंगव्वा परातीतलं पीठ सोडून उभी राहिली. "सळई घालतोय व्हय लेकराच्या कानात? बऱ्या झालेल्या कानात? लाज कुटं ठेवली रं?"

"बरा न्हाय झाला, अव्वा." येडूचा आवाज चढला नव्हता, पण अख्ख्या चाळीला ऐकू गेलं. "रोज बघतोय म्या. मागनं हाक मारली की ऐकू येत न्हाय तिला. समोरनं तोंड बघून सांगती, तुमी फसता. तुमच्यादेखत दाखवतो. मग तर झालं?"

"दाखव."

बजीला त्यांनी निंगव्वाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभं केलं. "आदी वळायचं न्हाई, हाक मारल्यावरच वळायचं," निंगव्वानं तिला बजावलं आणि स्वतः मधे चुलीपाशी बसली. येडू उंबऱ्यात उभा राहिला. चाळीत त्या वेळी तशी सामसूम होती, गिरणी बंद, नळ गेलेला. निंगव्वा येडूच्या तोंडाकडं न बघता चुलीतली लाकडं मागं ओढत होती.

जरा वेळ गेला. निंगव्वा म्हणाली, "मार की हाक. वाट कशाची बघाया लागलास?"

येडू म्हणाला, "मारली."

"कवा?"

"आत्ता. दोनदा मारली. बघा, वळली का?"

निंगव्वा हसायला लागली. तिला वाटलं हा थट्टा करतोय. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. "परत मार बघू," ती म्हणाली. या वेळी ती त्याच्याकडंच बघत होती. येडूचे ओठ हलले, 'ब' झाला, 'जे' झालं, पुन्हा हलले. चुलीतलं ओलं लाकूड सूं सूं करत होतं तेवढाच काय तो आवाज.

"येडूप्पा," निंगव्वा म्हणाली, आणि मग त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "तू आवाजच काढत न्हाई रं. नुसतं तोंड हलवतोस. मी हितं बसले हाय, माझ्या कानात काय आलं न्हाई, तिला काय येनार?"

"हळू बोलतोय म्या."

"हळू न्हाई. बोलतच न्हाई."

येडू तिच्याकडं बघत राहिला. त्याला स्वतःचा तो आवाज ऐकू यायचा नाही, हे खरं. पण हळू बोललेलं आपल्याला ऐकू येतच नसतं, असं त्यानं धरून ठेवलं होतं. मागखात्यात येत नाही, घरी येत नाही, कुठंच येत नाही. हळू म्हणजे तसंच. त्याच्या मनात कधी शंकाच आली नव्हती. भिंतीकडून बजी वैतागून म्हणाली, "अव्वा, हाक कवा मारनार? पाय दुखाया लागले." निंगव्वानं तोंडावर पदर धरला आणि पदराआडून कुजबुजली, "बजे, ये गं." पोर झटक्यात वळली.

बजीचे कान बरे होते. चार दिवसांपासून बरे होते. येडूनं उंबऱ्याच्या आत खाली बसून घेतलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तो दुसऱ्याच गोष्टीपाशी जाऊन अडकला होता. बराच वेळ तो उंबऱ्यावर बोटानं रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "अव्वा, फुला गेली त्या दिसाला सकाळी तुमी हुता नव्हं हितंच?"

"हुते की. दारातच भांडी घासत हुते."

"म्या दारात उभा हुतो. तिला बोललो. जातो म्हनलो. रजेचं इचारतो म्हनलो."

निंगव्वानं चुलीतलं लाकूड उगाच हलवलं.

"सांगा की, अव्वा."

"तू उभा हुतास, ते बघितलं मी," ती सावकाश म्हणाली. "तुझं तोंड आतल्या बाजूला हुतं. मला काय ऐकू आलं न्हाई. मी म्हनले, रात्रीच्या रागात हाय, न बोलता चाललाय. तू गेल्यावर मी आत गेले पानी द्यायला. फुला मला इचारली..." तिनं पदराला हात पुसले. "आता सांगून काय करायचं रं?"

"काय इचारलं?"

"म्हनली, अव्वा, गेले का? न बोलताच गेले का?"

येडूला आता उलगडलं. म्हणजे तिनं ओ दिली नाही, कारण हाक तिच्यापर्यंत गेलीच नव्हती. ती वाट बघत होती. पाठ करून पडली होती, पण कान दाराकडं होते, आणि हा दारात उभा राहून नुसतं तोंड हलवून गेला. रागावून गेली म्हणून तो एवढे महिने तिच्यावर आतून रुसला होता. आणि ती बिचारी तेच मनात घेऊन गेली, की हा रागावून गेला. दोघांत राग कुणालाच नव्हता. हे आता सांगायचं कुणाला? ज्या माणसाला सांगायचं, ते माणूसच नाही.

रडू तेव्हाही आलं नाही. तो कान दाबून धरल्यासारखे दोन्ही हात कानांवर ठेवून बसून राहिला. बजीला वाटलं बाचे कान दुखतायत. ती पळत आपल्या खोलीत गेली, कोनाड्यातली गार झालेली मिठाची पुरचुंडी घेऊन आली. आधी ती तिनं आपल्या गालाला लावून बघितली, तो करायचा तशी. मग त्याचा हात बाजूला करून कानामागं धरली. "बा, तुला दडा बसलाय," ती म्हणाली. "भाकरी चाव, सुटंल." आणि निंगव्वाच्या टोपलीतला कडक भाकरीचा तुकडा तिनं त्याच्या हातात दिला. येडूनं तो तोंडात घातला आणि चावायला लागला. त्याचा कुडुम आवाज त्याला आतून ऐकू येत होता. चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. निंगव्वा उठून बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

येडूचे कान काही सुटले नाहीत. ते सुटण्यातले नव्हतेच. पुढं बरीच वर्षं तो त्याच मागावर होता आणि उत्तरोत्तर बहिरा होत गेला. पण त्या दिवसानंतर त्यानं हळू बोलायचं कायमचं सोडलं. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की थोड्या वेळानं दुसरा व्हायचा. "बजे, जातो गं म्या! सांजच्याला येतो!" चाळीतल्या बायका झोपेत कूस बदलून त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. गोधडीतून बजी ओरडून ओ द्यायची. पण तेवढ्यानं त्याचं भागायचं नाही, ती ओ त्याला ऐकू येत नव्हती. म्हणून बजी गोधडीतून हात बाहेर काढून वर करायची. तो हात दिसेपर्यंत येडू भाकरीचं फडकं घेऊन दारातच उभा राहायचा, कामाला उशीर झाला तरी.